रताळे : उपवासाच्या ताटातून रोजच्या आहारात

महाशिवरात्र आणि आषाढी एकादशी जवळ आली, की आपल्याकडील आठवडी बाजारांत रताळ्यांचे ढीग दिसू लागतात. उपवास संपला, की हे ढीगही ओसरतात आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांत या कंदाची आठवण सहसा कोणाला होत नाही. धार्मिक परंपरेने ज्या पदार्थाला पवित्र आहाराचे स्थान दिले, त्याच्या अंगी असलेल्या पोषणमूल्यांकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. आहारशास्त्राच्या दृष्टीने रताळे हे केवळ पोट भरणारे कंदमूळ नव्हे. त्याची योग्य जात निवडली व ते योग्य रीतीने शिजवले, तर बालकांच्या आरोग्याचा एक महत्त्वाचा प्रश्न सोडविण्यास ते हातभार लावू शकते.

वाशिम जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर या विषयाला विशेष महत्त्व आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ साली केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात समाविष्ट करण्यात आला. नंदुरबार, गडचिरोली व धाराशिव हे महाराष्ट्रातील अन्य तीन जिल्हे. या कार्यक्रमात ज्या विषयांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाते, त्यांत आरोग्य व पोषण हा एक प्रमुख विषय आहे. सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणाऱ्या या जिल्ह्यात धान्य आणि कडधान्य यांची परंपरा बळकट आहे. पानातील भाज्या, फळे आणि कंद यांचा वाटा वाढविणे, हे पुढचे पाऊल होय.

वनस्पतीची ओळख

नावात आणि वापरात साम्य असले, तरी रताळे आणि बटाटा यांचे नाते फार दूरचे आहे. बटाटा हा वांगी, टोमॅटो व मिरची यांच्या कुळातील. तर रताळे हे गणेशवेलीच्या कुळातील. ओढ्या-नाल्यांच्या काठी माजणारी बेशरम आणि पाणथळ जागी उगवणारी नाळीची भाजी हे रताळ्याचे जवळचे भाऊबंद होत. फुले शेजारी ठेवून पाहिली, तर शाळेतील मुलांच्याही हे साम्य ध्यानात येईल. बेशरम विषारी आहे, रताळे मात्र खाण्यास योग्य आहे. एकाच कुळात असे भेद कसे आढळतात, हे शिकविण्यासाठी शिक्षकांना यासारखे सोपे उदाहरण मिळणार नाही.

या पिकाचे मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात असून पोर्तुगीजांच्या व्यापारामार्फत ते भारतात आले, असे मानले जाते. आपण खातो तो भाग म्हणजे अन्नसाठ्यामुळे फुगलेले मूळ होय.

अन्नघटक

शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यात सुमारे २० ग्रॅम पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ, ३ ग्रॅम तंतू, दीड ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतात. रताळ्यापासून मिळणारी ऊर्जा बटाट्याहून किंचित अधिक असते.

येथे उपवासाच्या दुसऱ्या एका पदार्थाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. साबुदाणा हाही कंदापासूनच तयार होतो. परंतु टॅपिओकाच्या कंदातील केवळ पिष्ट वेगळे काढून तो बनविला जात असल्याने त्यात तंतू, प्रथिने व जीवनसत्त्वे नावापुरतीच उरतात. रताळे आपण संपूर्ण कंद म्हणून खातो. ज्या घरात उपवासाच्या दिवशी केवळ साबुदाण्याची खिचडी होते, तेथे तिच्या जोडीला उकडलेले रताळे आले, तर त्या दिवसाच्या आहाराची प्रत निश्चितच सुधारेल.

याखेरीज रताळ्यात काही जैवक्रियाशील घटक असतात. ऊर्जा पुरविणे हे त्यांचे काम नसून, शरीरातील विविध क्रियांवर त्यांचा परिणाम होतो. गराला नारिंगी रंग देणारे बीटा-कॅरोटीन, जांभळा रंग देणारी अँथोसायनिन ही द्रव्ये आणि क्लोरोजेनिक आम्लासारखी फिनॉल वर्गातील द्रव्ये ही त्यांतील प्रमुख होत. चिरलेले रताळे हवेत काळे पडते, ते या फिनॉल द्रव्यांमुळेच.

सालीवरून नव्हे, गरावरून पारख

आपल्या बाजारात लाल सालीची आणि पांढऱ्या सालीची अशी दोन प्रकारची रताळी सर्रास मिळतात. लाल रताळे अधिक पौष्टिक, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु सालीचा लाल रंग हा बहुधा एका पातळ थरापुरता मर्यादित असतो. आतील गर पांढरा असेल, तर त्यात बीटा-कॅरोटीनचे प्रमाण अगदी अल्प असते. म्हणून पारख करावयाची ती गराच्या रंगावरून.

शरीरात बीटा-कॅरोटीनचे रूपांतर ‘अ’ जीवनसत्त्वात होते. या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात आणि अखेरीस कायमचे अंधत्वही येऊ शकते. रोगप्रतिकारशक्ती घटते आणि शरीरात साठलेल्या लोहाचा योग्य वापर होण्यातही अडथळा येतो. आपल्या देशात १९७० सालापासून बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्यात येत आहेत. नवव्या महिन्यात पहिला डोस व त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक, असे पाच वर्षे वयापर्यंत एकूण नऊ डोस दिले जातात. पाच वर्षांनंतर मात्र हे डोस थांबतात. म्हणजेच बालक अंगणवाडी सोडून शाळेत जाऊ लागते, तेव्हापासून या जीवनसत्त्वासाठी ते पूर्णपणे आपल्या आहारावर अवलंबून असते. शिक्षकांनी व शालेय व्यवस्थापन समित्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावयास हवा.

तिरुवनंतपुरम येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने या दृष्टीने महत्त्वाचे काम केले आहे. या संस्थेने विकसित केलेल्या ‘भू सोना’ या नारिंगी गराच्या जातीत शंभर ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. जांभळ्या गराच्या ‘भू कृष्णा’ या जातीत अँथोसायनिनचे प्रमाण शंभर ग्रॅममागे सुमारे ९० मिलिग्रॅम आहे.

या आकड्यांचा अर्थ काय? आहारातील सुमारे १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनपासून शरीराला १ मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व मिळते, असा हिशेब शास्त्रज्ञ धरतात. शाळकरी मुलाची दैनंदिन गरज वयानुसार साधारणतः ४०० ते ६०० मायक्रोग्रॅम असते. या हिशेबाने अशा नारिंगी रताळ्याचा ५० ते ६० ग्रॅमचा एक तुकडा मुलाची त्या दिवसाची बहुतेक गरज भागवू शकतो. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलासाठी भाजीचे दैनंदिन प्रमाण ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गासाठी ७५ ग्रॅम आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

अन्य देशांतील अनुभव

हा हिशेब प्रत्यक्षात उतरतो काय, हे आफ्रिका खंडात पडताळून पाहण्यात आले आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका प्राथमिक शाळेत मुलांना शाळेच्या ५३ दिवसांत रोज १२५ ग्रॅम उकडलेले नारिंगी रताळे देण्यात आले. पांढऱ्या गराचे रताळे खाणाऱ्या मुलांच्या तुलनेत त्यांच्या शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा सुधारल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. मोझांबिकमध्ये शेतकरी कुटुंबांना नारिंगी रताळ्याचे बेणे, मातांना आहारविषयक शिक्षण आणि पिकाला बाजारपेठ अशा तिन्ही गोष्टी एकत्र पुरविण्यात आल्या. तेथेही बालकांच्या रक्तातील या जीवनसत्त्वाचे प्रमाण वाढले. या कार्याबद्दल मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा व जॅन लो या शास्त्रज्ञांना, हॉवर्थ बुईस यांच्यासमवेत, २०१६ सालचा जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला.

मोझांबिकच्या अनुभवातून निघणारा बोध असा, की केवळ बेणे वाटल्याने काम होत नाही. बेण्याबरोबर घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीपर्यंत माहितीही पोहोचली पाहिजे.

शिजविण्याची रीत

रताळे कच्चे खाणे योग्य नव्हे. त्यातील प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक शिजविल्याने निष्प्रभ होतात. झाकण ठेवून, सालीसकट उकडल्यास बीटा-कॅरोटीन बहुतांशी टिकून राहते. उघड्या उन्हात वाळविलेल्या कापांत मात्र ते बरेच घटते.

बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे रताळ्याबरोबर थोडे तेल, तूप, दूध किंवा शेंगदाण्याचे कूट असले, तर त्याचे शोषण अधिक चांगले होते. तूप व दाण्याचे कूट घालून केलेला रताळ्याचा कीस ही आपली जुनी कृती या दृष्टीने शास्त्राला धरूनच आहे. साखरेच्या पाकातील रताळी मात्र सणापुरतीच ठेवणे बरे.

निखाऱ्यावर किंवा राखेत भाजलेले रताळे अधिक गोड लागते. रताळे हळूहळू तापत असताना त्यातील एक विकर पिष्टाचे रूपांतर माल्टोज या शर्करेत करते, हे त्याचे कारण. याच कारणाने भाजलेल्या रताळ्याने रक्तातील साखर लवकर वाढते. उकडलेल्याने तितकी वाढत नाही. मधुमेही व्यक्तीने खावयाचेच असेल, तर उकडलेले, बेताच्या प्रमाणात आणि पोळी-भाताऐवजी घ्यावे.

मर्यादा व दक्षता

एखाद्या पदार्थाचे गुण कळले, की त्याला औषधाचे स्थान देण्याची प्रवृत्ती दिसून येते. रताळ्याने मधुमेह बरा होतो, असेही सांगितले जाते. या विषयावरील उपलब्ध चाचण्यांचा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला असता, चाचण्या थोड्या व लहान असून पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष निघाला. जांभळ्या रताळ्यातील अँथोसायनिनचे गुणही प्रामुख्याने प्रयोगशाळेत दिसून आलेले आहेत. म्हणून रताळे हे अन्न आहे, औषध नव्हे, ही मर्यादा आपण पाळली पाहिजे. रताळ्यात लोह फारसे नसते. त्यामुळे रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्यांना ते पर्याय होऊ शकत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्यातील पोटॅशियममुळे, तर मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्यातील ऑक्झॅलेटमुळे, वैद्यकीय सल्ल्यानेच रताळे खावे.

एक दक्षता तर प्रत्येक शेतकरी कुटुंबाने घ्यावयास हवी. बुरशी लागलेल्या किंवा भुंग्याने पोखरलेल्या रताळ्यात कडू चवीची विषारी द्रव्ये तयार होतात आणि ती शिजवूनही पूर्णपणे नष्ट होत नाहीत. असे सडके कंद जनावरांपुढे टाकण्याची पद्धत आहे. परंतु त्यामुळे जनावरांच्या फुफ्फुसांना इजा होऊन ती दगावल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. कडू लागणारे रताळे माणसाने खाऊ नये आणि सडलेले रताळे गोठ्यात जाऊ देऊ नये.

परसबागेतील लागवड

रताळ्याला पाण्याचा निचरा होणारी मध्यम, भुसभुशीत जमीन मानवते. भारी काळ्या जमिनीत कंद वेडेवाकडे होतात आणि काढणीही अवघड जाते. अशा ठिकाणी उंच वरंबे करून त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. निरोगी वेलीच्या शेंड्याकडील २० ते ३० सेंटीमीटर लांबीचे तुकडे घेऊन, मधले दोन-तीन डोळे मातीत जातील अशा रीतीने साधारणतः २० सेंटीमीटर अंतरावर लावावेत. पावसाळ्याच्या प्रारंभी लागवड केल्यास साडेतीन ते चार महिन्यांत कंद तयार होतात. सोंड्या भुंगा हा या पिकाचा मुख्य शत्रू होय. त्याला आळा घालण्यासाठी उघडे पडलेले कंद मातीने झाकावेत, काढणी लांबवू नये आणि त्याच जागी लागोपाठ हे पीक घेऊ नये. वेलीची कोवळी पाने भाजी म्हणूनही उपयोगी असून त्यांत कॅरोटीन व प्रथिने असतात.

‘भू सोना’ व ‘भू कृष्णा’ या जातींची शिफारस मुख्यतः ओडिशासाठी झालेली आहे. तेव्हा आपल्याकडे त्या एकदम मोठ्या क्षेत्रावर न घेता प्रथम शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या परसबागेत दोन-चार वरंब्यांवर घेऊन पाहाव्यात. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचा सल्ला या कामी घेता येईल.

ग्रामपंचायतीने बेण्यासाठी जागा व पाणी द्यावे, शिक्षकांनी वरंबे मुलांच्या हाती सोपवावेत आणि अंगणवाडी सेविकांनी मातांना शिजविण्याची रीत दाखवावी. वेलीचे बेणे एका शाळेतून दुसऱ्या शाळेला विनामूल्य देता येते, त्यामुळे यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एका गावाने आरंभ केला, तर पुढच्या हंगामात शेजारच्या चार गावांना पुरेल इतके बेणे त्याच्यापाशी असेल. उपवासाच्या दिवशी आपण आदराने ताटात घेतो तो हा कंद, शाळेच्या ताटात नेमाने येऊ लागला, तर त्याचा लाभ आपल्या मुलांच्या दृष्टीला व प्रकृतीला झाल्यावाचून राहणार नाही.