फाफे पडद्यावर

जालना शहरातील मस्तगड भागात माझे थोरले बंधू राहतात. त्यांच्या कपाटाच्या अगदी खालच्या खणात काही जुनी पुस्तके आहेत. पाने पिवळी पडली आहेत, एकदोन पुस्तकांना मुखपृष्ठच उरलेले नाही. पण ती रद्दीत काढण्याची गोष्ट कोणी बोलून तर पाहावी! ही पुस्तके फास्टर फेणेची. दादा ती प्रथम वाचू लागले, तेव्हा जालना हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो झाला १९८१ साली.

मुलांनो, फास्टर फेणे म्हणजेच फाफे, हा तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. त्याचे खरे नाव बनेश, गाव फुरसुंगी. पुण्यातील विद्याभवन शाळेचा हा विद्यार्थी अंगाने अगदी किडकिडीत. पण एकदा सायकलवर बसला, की तो वाऱ्याला मागे टाकी. भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांनी त्याच्यावर वीसेक पुस्तके लिहिली. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या विज्ञानकथा मराठी मुलांना सांगणारे भागवत ते हेच.

२७ ऑक्टोबर २०१७ रोजी या फाफेवरील मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. दादा मोठ्या हौसेने आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन तो पाहण्यास गेले. परत आले ते दोघे दोन तोंडे करून. मुलगा उड्या मारीत होता. दादा मात्र गप्प होते.

“चित्रपट वाईट नाही,” जेवताना ते म्हणाले, “पण तो फाफे नव्हे. फाफे शाळेत जातो. हा तर चांगला दाढीमिशा फुटण्याच्या वयाचा!”

“म्हणून काय झाले, बाबा? भीत तर तो कोणालाच नाही!” मुलगा म्हणाला.

दादांची तक्रार खोटी नव्हती. चित्रपटातील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास येतो आणि परीक्षांतील गैरव्यवहाराचा छडा लावतो. अमेय वाघ या तरुण नटाने ती भूमिका केली. दूरदर्शनवरील जुन्या मालिकेत मात्र फाफे लहानच होता. तेव्हा सुमीत राघवन हा मुलगा फाफे झाला होता. त्यामुळे नवा चित्रपट पाहून महाराष्ट्रात अनेक घरांत असेच दोन पक्ष पडले.

असे का व्हावे? पुस्तक वाचताना आपण नुसते वाचीत नाही, मनात चित्रही काढतो. फाफेचे नाक कसे, आवाज कसा, हे ज्याचे त्याने ठरविलेले असते. पडद्यावर मात्र सर्वांसाठी एकच चेहरा येतो. आणि विनोदाची गोष्ट तर आणखी नाजूक. फाफेच्या कथांत हसू येते ते केवळ घडणाऱ्या प्रसंगांमुळे नव्हे, तर भागवत ती हकिकत ज्या मिस्किलपणे सांगतात त्यामुळे. लेखकाचा हा आवाज कॅमेऱ्यात कसा पकडावा? चित्रपटकर्त्यांनी युक्ती केली. त्यांनी खुद्द भागवतांनाच कथेतील एक पात्र केले, आणि ते काम दिलीप प्रभावळकरांना दिले. मला ही युक्ती फार आवडली.

अशीच अडचण परदेशातही आली होती. डग्लस अॅडम्स या इंग्रज लेखकाची एक विनोदी विज्ञानकथा आहे. अंतराळातून रस्ता काढायचा म्हणून परग्रहावरचे अधिकारी आपली सबंध पृथ्वीच पाडून टाकतात, येथून ती सुरू होते! १९७८ साली ती नभोवाणीवर आली, पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली आणि २००५ साली तिचा चित्रपट झाला. आवडते संवाद कापले म्हणून जुने चाहते रुसले. नव्या प्रेक्षकांना मात्र मौज वाटली. गंमत अशी, की अॅडम्स स्वतःच दर नव्या अवतारात कथा बदलीत असत. मग खरी कथा कोणती म्हणावी? नभोवाणीवरची, की पुस्तकातली?

तरीही दादांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुस्तकातला फाफे शाळकरी आहे, म्हणून बारा वर्षांच्या वाचकाला वाटते, ‘हे मलाही जमेल.’ नायक मोठा झाला, की ही जागा थोडी दुरावते. चित्रपटाने वेग राखला, धीटपणा राखला. ही जागा मात्र त्याला राखता आली नाही, असे माझे मत आहे.

मी हे जेवताना बोलून दाखविले. दादांनी मान हलविली. पुतण्याला ते पटलेले दिसले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तो खालच्या खणातील एक मुखपृष्ठ नसलेले पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसला. बराच वेळ पाने उलटण्याचाच काय तो आवाज येत होता. मग त्याने मान वर केली.

“काका,” तो जरा नाराजीनेच म्हणाला, “या पुस्तकातला फाफे इतका लहान कसा? तो तर मोठा आहे ना?”

आतल्या खोलीतून दादांचे मोठ्याने हसणे ऐकू आले. पुतण्याने पुन्हा पुस्तकात डोके घातले, आणि चहाला हाक मारली तरी तो काही उठला नाही.