नॅकची श्रेणी की एनबीएची मान्यता?

प्रश्न : मुलीला बारावीनंतर मेकॅनिकलला जायचंय. एका कॉलेजच्या फलकावर नॅकची उत्तम श्रेणी आहे. तेवढं पुरे का?
– एक पालक, खांदा कॉलनी, पनवेल

उत्तर : पुरे नाही. नॅक संपूर्ण संस्था तपासते, एनबीए एकेक अभ्यासक्रम. त्यामुळे एकाच कॉलेजात कॉम्प्युटरला एनबीए मान्यता असते आणि मेकॅनिकलला नसते, असं होऊ शकतं. एनबीएच्या संकेतस्थळावर शाखेचं नाव आणि मान्यतेची मुदत स्वतः पाहा. ती कायमची नसते. अभियांत्रिकी पदव्यांना सदस्य देशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४पासून पूर्ण सदस्य आहे. मुलीला पुढे परदेशी जायचं असेल, तर एनबीएची टियर-१ मान्यता आहे का तेही बघा, कारण करार टियर-१ मान्यतेलाच लागू होतो.

पण कागदावर थांबू नका. विभागप्रमुखांना भेटून विचारा : गेल्या वर्षी मुलं कोणत्या विषयात कमी पडली, आणि त्यावर यंदा काय बदललं? मूल्यमापनाचा खरा उपयोग इथेच आहे. जिथे निकालाकडे बघून प्रयोग, प्रश्नपत्रिका, शिकवण्याची पद्धत बदलते, तिथे या प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळतं. उत्तरात फक्त प्लेसमेंटचे आकडे आले, तर दुसरं कॉलेजही पाहून या. वर्कशॉपमधली यंत्रं चालू आहेत का, हे मात्र तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.