एक प्रश्न, अनेक रकाने

ग्रंथालयाच्या संगणकात प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीला शीर्षक, लेखक, सारांश असे रकाने असतात. शोधयंत्र या नोंदी ओळीने वाचीत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची ते आधीच करून ठेवते: अमुक शब्द कोणत्या नोंदीत, कोणत्या रकान्यात आला.

आता समजा, आपण ‘नारळीकर आकाशाशी’ असे विचारले आणि दोन्ही शब्द हवेतच अशी अट घातली. यंत्राने ही अट एकेका रकान्याला लावली, तर ‘आकाशाशी जडले नाते’ हे पुस्तक कपाटात असूनही हाती लागणार नाही. एक शब्द लेखकाच्या रकान्यात, दुसरा शीर्षकात! म्हणून अट शब्दागणिक लावावी: प्रत्येक शब्द कोणत्या तरी रकान्यात सापडला की पुरे. (नुसते ‘आकाश’ विचारले, तर विभक्तिप्रत्यय ओळखण्याची सोय वेगळी करावी लागते. मराठीत ही अडचण पावलोपावली येते.)

खरी गंमत क्रम लावताना येते. विरळ शब्दाला अधिक गुण द्यावेत, हे तत्त्व कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडले. पण ‘जयंत’ हा शब्द लेखकांच्या रकान्यात नेहमीचा, शीर्षकात विरळ. रकान्यागणिक मोजणी केली, तर शीर्षकात ‘जयंत’ असलेली एखादी कादंबरी जयंतरावांच्या पुस्तकांच्या डोक्यावर जाऊन बसते. तेव्हा सर्व रकाने मिळून तो शब्द किती नोंदींत आला, हे मोजावे. रॉबर्टसन, झारागोझा व टेलर यांनी २००४ साली आणखी एक गोष्ट सुचविली: रकान्यांचे वजन आधी लावून बेरीज करावी, गुण मागाहून काढावेत. शीर्षकाचे वजन ५ व सारांशाचे १ धरले, तर शीर्षकात एकदा आणि सारांशात दोनदा आलेला शब्द ७ वेळा आला असे समजायचे.