घरातील संगणक-जाळे : सोय आणि सुरक्षितता

प्रस्तावना

घराला दार असते आणि दाराला कुलूप असते. ते लावण्याचा व उघडण्याचा त्रास आपण रोज विनातक्रार सोसतो. मात्र दागिन्यांच्या कपाटाला जेवढे भक्कम कुलूप लावतो, तेवढे मीठ-मसाल्याच्या फडताळाला लावत नाही. कोठे किती बंदोबस्त हवा, हे तारतम्य आपण अनुभवाने शिकलेलो असतो.

आता घरात आणखी एक दार आले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. वाय-फायच्या लहरी भिंतींमधून पलीकडे जातात आणि त्यांच्या वाटेने घरातील मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी संच, कॅमेरा यांच्यापर्यंत पोहोचता येते. या दाराला किती कुलपे लावावीत? फार लावली तर घरातल्यांचीच अडचण होते. एकही लावले नाही तर कोणीही आत येतो. या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही :
- घरातील संगणक-जाळ्याची रचना सांगू शकाल;
- असुरक्षित जाळ्यामुळे इतरांनाही धोका कसा पोहोचतो, ते उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
- उपयुक्त बंदोबस्त आणि निरुपयोगी गैरसोय यांतील फरक ओळखू शकाल;
- आपल्या घरासाठी योग्य ते उपाय निवडू शकाल.

मूळ पाठ

१. जाळे म्हणजे काय?

दोन किंवा अधिक उपकरणे एकमेकांशी जोडली, की संगणक-जाळे तयार होते. घरातील जाळ्याच्या मध्यभागी राउटर नावाची छोटी पेटी असते. बाहेरून आलेली इंटरनेटची जोडणी घरातील सर्व उपकरणांना वाटून देणे आणि आतबाहेर जाणाऱ्या माहितीला वाट दाखवणे, ही तिची कामे. या अर्थाने राउटर हा घराचा द्वारपाल आहे.

या द्वारपालाचे दोन पासवर्ड असतात आणि त्यांत पुष्कळदा गल्लत होते. पहिला वाय-फायचा पासवर्ड. तो ज्याला ठाऊक असेल, त्याला घराच्या जाळ्यात प्रवेश मिळतो. दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड. तो ज्याच्या हाती लागेल, तो राउटरचे नियमच बदलू शकतो. पहिला पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली; दुसरा म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. जोडणी करून देणारा कर्मचारी अनेकदा पहिला पासवर्ड म्हणून ग्राहकाचा मोबाइल क्रमांक ठेवतो आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच राहू देतो. त्या दिवशी दोघांचीही सोय होते, पण दार मात्र अर्धवट उघडे राहते.

> पाठगत प्रश्न १
> रिकाम्या जागा भरा.
> (अ) घरातील सर्व उपकरणांना इंटरनेट वाटून देणारी पेटी म्हणजे ______.
> (आ) राउटरचे नियम बदलण्यासाठी ______ पासवर्ड लागतो.

२. उघड्या दाराची झळ कोणाला?

“माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय?” असे पुष्कळ जण म्हणतात. या म्हणण्यात एक गृहीत दडलेले आहे : नुकसान झालेच तर ते आपले एकट्याचे होईल. दोन घटना पाहिल्या, म्हणजे हे गृहीत किती चुकीचे आहे ते कळेल.

दिनांक २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांत ५० हून अधिक लोकांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल पाठवण्यात आला होता. तपास करणारे पोलीस त्या ईमेलचा माग काढत नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचले. तेथील वाय-फाय सुरक्षित नव्हते आणि दुसऱ्याच कोणीतरी त्याचा वापर केला होता. त्या घरातील रहिवाशाचा कटाशी काहीही संबंध नव्हता. तरीही त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. ईमेलवर पाठवणाऱ्याचे खरे नाव नसते, पण तो ज्या जोडणीतून गेला, तिचा पत्ता मागे राहतो. पासवर्ड ठेवण्याची लहानशी गैरसोय टळली, पण तपास भलत्याच दाराशी आला.

दुसरी घटना २०१६ सालची. ‘मिराई’ नावाचा एक घातक प्रोग्राम त्या वर्षी जगभर पसरला. त्याची रीत अगदी साधी होती. कारखान्यातून येताना कॅमेऱ्यांना आणि राउटरना जे ठरावीक पासवर्ड दिलेले असतात, त्यांतील साठेक जोड्यांची यादी त्याच्याजवळ होती. इंटरनेटवर सापडणाऱ्या प्रत्येक उपकरणावर तो ही यादी चालवून पाही. ज्या मालकांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता, त्यांची उपकरणे त्याच्या ताब्यात जात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा असंख्य उपकरणांकडून ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी विनंत्यांचा भडिमार करण्यात आला. संकेतस्थळांची नावे त्यांच्या पत्त्यांशी जुळवून देण्याचे काम ही कंपनी करीत असे. ते काम कोलमडताच ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेतील आणि युरोपातील अनेकांना कित्येक तास मिळेनाशा झाल्या. या हल्ल्यात आपल्या घरचा कॅमेराही सामील होता, हे बहुतेक मालकांच्या गावीही नसावे. कारण कॅमेरा नेहमीसारखाच चालू होता.

सार्वजनिक विहिरीची स्वच्छता जशी प्रत्येकाच्या वागण्यावर अवलंबून असते, तसेच हे आहे. घरातील जाळे खाजगी असले, तरी ते ज्या महाजाळ्याला जोडलेले आहे, ते सर्वांचे आहे.

> पाठगत प्रश्न २
> (अ) सानपाडा येथील रहिवाशाला चौकशीला का सामोरे जावे लागले?
> (आ) ‘मिराई’ उपकरणांचा ताबा कसा मिळवत असे?

३. सोय कधी घातक ठरते?

सोय ही मुळात वाईट गोष्ट नाही. ज्या सोयीची किंमत आपल्याला सांगितलेली नसते, तिच्यापासून सावध राहावे लागते. अनेक राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ नावाची सुविधा असते. लांबलचक पासवर्ड न लिहिता, एक बटण दाबून किंवा आठ अंकी संख्या देऊन उपकरण जोडता यावे, हा तिचा हेतू. आठ अंकांपैकी शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. उरलेल्या सात अंकांच्या एक कोटी संख्या होतात. एवढ्या संख्या एकामागून एक तपासणे जिकिरीचे आहे. परंतु डिसेंबर २०११ मध्ये असे उघडकीस आले, की राउटर या संख्येचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि पहिला भाग बरोबर की चूक, हे आधीच कळू देतो. त्यामुळे पहिल्या चार अंकांसाठी १०,००० आणि पुढच्या तीन अंकांसाठी १,०००, असे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. वाय-फायचा पासवर्ड कितीही अवघड असो. त्याच्या शेजारची ही खिडकी उघडी असेल, तर दाराच्या कुलपाला अर्थ उरत नाही.

अशीच आणखी एक सुविधा ‘यूपीएनपी’ या नावाने ओळखली जाते. तिच्यामुळे घरातील एखादा कॅमेरा किंवा खेळाचा संच राउटरला परस्पर सांगून आपल्यासाठी बाहेरचे दार उघडून घेऊ शकतो. मालकाला काही करावे लागत नाही, आणि म्हणूनच त्याला काही कळतही नाही. ज्या घरात या दोन्ही सुविधांची गरज नाही, तेथे त्या बंद ठेवणे श्रेयस्कर.

४. प्रत्येक गैरसोय म्हणजे सुरक्षितता नव्हे

याच्या उलट चूकही होते. त्रास झाला म्हणजे बंदोबस्त झाला, असे काहींना वाटते. जाळ्याचे नाव लपवून ठेवणे हा त्यातलाच एक उपाय. नाव लपवले, की घरी आलेल्या प्रत्येकाला ते सांगत बसावे लागते. पण लहरी टिपणाऱ्या साध्या प्रोग्रामला ते सहज सापडते. ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देण्याची यादीही अशीच आहे. प्रत्येक नव्या मोबाइलची त्यात नोंद करावी लागते, तर जाणकार चोर यादीतील उपकरणाच्या ओळख-क्रमांकाची नक्कल करून आत शिरतो. अशा उपायांचा जाच घरातल्यांना होतो, चोराला नाही.

जाच वाढला, की माणसे पळवाटा शोधतात. पासवर्ड दर आठवड्याला बदलण्याचा नियम केला, तर थोड्याच दिवसांत तो दिवाणखान्याच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असा चिकटवला जातो. घरातील सर्वांना पाळता येत नाही, तो नियम कागदावर कितीही कडक असला तरी दुबळाच असतो.

५. तोल कसा साधावा?

कोणताही उपाय योजण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : याचा त्रास एकदाच होणार की रोज? यामुळे चोराची वाट खरोखर अडते का? आणि हा उपाय केला नाही, तर नुकसान कोणाकोणाचे होईल? एकदाच कष्ट घेऊन कायमचे संरक्षण देणारे उपाय सर्वांत आधी करावेत. असे पाच उपाय पुढे दिले आहेत.

*पहिला* : राउटरच्या व्यवस्थापनाचा आणि कॅमेऱ्यासारख्या प्रत्येक उपकरणाचा मूळ पासवर्ड बदलावा. बदललेले पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवायला हरकत नाही. दूर देशीच्या चोराला आपले कपाट उघडता येत नाही.

*दुसरा* : वाय-फायसाठी ‘डब्ल्यूपीए-२’ (२००४) किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ (२०१८) ही सुरक्षापद्धती निवडावी. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत सदोष असल्याचे २००१ सालीच सिद्ध झाले आहे. पासवर्ड लांब, पण लक्षात राहील असा असावा. ‘डब्ल्यूपीए-२’ मध्ये त्रयस्थाला जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घेता येते आणि नंतर निवांतपणे एकेक पासवर्ड तपासून पाहता येतो. आठ अंकी पासवर्डच्या शक्यता केवळ १० कोटी असतात. संगणक त्या लवकर संपवतो. त्याऐवजी दोन हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द निवडले, उदाहरणार्थ जांभूळ, पायरी, टांगा, मीठ, तर १६ लाख कोटी शक्यता होतात. असे शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. शब्द मनाने निवडू नयेत, चिठ्ठीनेच निवडावेत. कारण मनाला सुचणारे शब्द चोरालाही सुचतात.

*तिसरा* : राउटरमध्ये सोय असल्यास पाहुण्यांसाठी वेगळे जाळे सुरू करावे. आलेल्या पाहुण्याला ‘पासवर्ड देत नाही’ असे म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि म्हणण्याची गरजही नाही. ओसरीवर बसवलेल्या माणसाला चहापाणी मिळते, पण माजघरात जावे लागत नाही. तसे या जाळ्याचे आहे. कॅमेरा, दूरचित्रवाणी संच यांसारखी उपकरणेही याच जाळ्यावर ठेवली, तर त्यांतील दोष हिशेबाच्या संगणकापर्यंत सहसा पोहोचत नाही.

*चौथा* : राउटर, मोबाइल आणि संगणक यांच्या सुधारित आवृत्त्या आपोआप येतील, अशी व्यवस्था करावी. येथे सोय आणि सुरक्षितता एकाच वाटेने चालतात.

*पाचवा* : महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी आणि काम झाल्यावर ते साधन संगणकापासून काढून ठेवावे. सगळे उपाय थकले, तरी ही प्रत उरते.

या पाच कामांना एखादी दुपार पुरते. त्यानंतर घरातल्यांना रोज काहीही वेगळे करावे लागत नाही. एवढे करूनही फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. वेळ गेला, की पैसे परत मिळण्याची आशा कमी होते.

> पाठगत प्रश्न ३
> योग्य की अयोग्य ते लिहा.
> (अ) जाळ्याचे नाव लपवले, की चोराला ते सापडत नाही.
> (आ) पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवणे उपयुक्त असते.
> (इ) आठ अंकी पासवर्ड चिठ्ठीने निवडलेल्या चार शब्दांपेक्षा सुरक्षित असतो.

तुम्ही काय शिकलात

- राउटर हा घरातील जाळ्याचा द्वारपाल आहे. त्याचे दोन पासवर्ड वेगवेगळे असतात.
- असुरक्षित जाळ्याची झळ मालकाबरोबरच अनोळखी लोकांनाही पोहोचते.
- काही सोयी नकळत दार उघडतात, तर काही गैरसोयी चोराला अडवत नाहीत.
- एकदाच कष्ट घेऊन कायमचे संरक्षण देणारे उपाय सर्वांत श्रेष्ठ होत.

शब्दार्थ

तारतम्य – कमी-अधिक ओळखण्याची जाण. फडताळ – भिंतीतील कपाट. श्रेयस्कर – हितकारक. जाच – त्रास. ओसरी – घरापुढील बसण्याची जागा. माजघर – घराचा मधला, खाजगी भाग. झोपा – गोठ्याचे किंवा कुंपणाचे दार.

स्वाध्याय

१. “घरातील जाळे खाजगी असले, तरी ते ज्या महाजाळ्याला जोडलेले आहे, ते सर्वांचे आहे.” पाठातील उदाहरणांच्या आधारे या विधानाचे स्पष्टीकरण करा.

२. ‘डब्ल्यूपीएस’ची आठ अंकी संख्या ११,००० प्रयत्नांत कशी शोधता येते, ते लिहा.

३. ‘बैल गेला अन् झोपा केला’ या म्हणीचा अर्थ सांगून ती पाठातील विषयाला कशी लागू पडते, ते लिहा.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा : सोय, खाजगी, उपयुक्त, सदोष.

५. वाक्यात उपयोग करा : गावी नसणे, माग काढणे, सामोरे जाणे.

६. उपक्रम : तुमच्या घरी किंवा परिचिताच्या घरी जाळ्याला जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी करा. प्रत्येकाचा मूळ पासवर्ड बदलला आहे का, याची घरातल्यांच्या संमतीने पाहणी करून आठ-दहा ओळींचा वृत्तांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) राउटर (आ) व्यवस्थापनाचा

२. (अ) त्याच्या असुरक्षित वाय-फायचा वापर करून दुसऱ्याच कोणीतरी ईमेल पाठवला होता. (आ) कारखान्यातून आलेल्या ठरावीक पासवर्डची यादी प्रत्येक उपकरणावर चालवून.

३. (अ) अयोग्य (आ) योग्य (इ) अयोग्य