कोट बांधणाऱ्यांची घरे

शास्त्रपाठ : नहेम्या ५:१–१३

नहेम्याचे नाव घेताच आपल्या दृष्टीपुढे यरुशलेमेचा कोट उभा राहतो. परंतु पाचव्या अध्यायात, ते काम चालू असतानाच, एक आक्रोश कानी येतो. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती; राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले होते; त्यांची मुलेबाळे दास्यात जात होती. नगराला कोट मिळत होता आणि नगरवासीयांची घरे हातची जात होती. नहेम्याने सभा भरविली, सावकारांना व्याज सोडावयास लावले व घरे परत करविली. श्रम करणाऱ्याला परवडेल असे घर हा नगराचा खरा पाया होय, हे या पाठाचे सूत्र आहे.

१. घर आणि आरोग्य

नव्या घराच्या गच्चीला कठडा असावा, अशी आज्ञा अनुवाद २२:८ मध्ये आहे. घरात राहणाऱ्याच्या जिवाची देवाला एवढी काळजी! मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ प्रथम मांडवीच्या दाट वस्तीत प्रकट झाली. गिरण्यांना व गोद्यांना कामगार हवे होते, पण त्यांच्या मजुरीत हवेशीर खोली मिळत नव्हती. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दाट चाळी पाडल्या; परंतु आरंभीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांइतक्या स्वस्त खोल्या बांधल्या गेल्या नाहीत. उठविलेली कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत कोंबली गेली. गर्दी केवळ जागा बदलून राहिली.

याउलट मेक्सिकोच्या कोआहुइला राज्याचे उदाहरण पाहा. तेथे २००० साली शासनाने गरिबांच्या घरांतील मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा करून देण्यास आरंभ केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संपूर्ण घरात कोबा झाल्यास लहान मुलांतील जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी व अतिसाराचे ४९ टक्क्यांनी घटले.

२. घर आणि खर्च

घर स्वस्त करता येते, हे लॉरी बेकर यांनी दाखवून दिले. क्वेकर पंथाचे हे इंग्रज वास्तुशिल्पी १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले व २००७ साली मृत्यू होईपर्यंत येथेच राहिले. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि घरही थंड राहते. जवळपास मिळणारे सामान वापरणे व अनावश्यक गिलावा टाळणे, हा त्यांचा नियम होता.

३. घर आणि कर्ज

गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज आकारू नये, हे निर्गम २२:२५ चे शिक्षण आहे. याच आधारावर मिलर्ड व लिंडा फुलर या ख्रिस्ती दांपत्याने १९७६ साली अमेरिकेत हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था स्थापिली. १९८३ साली तिचे कार्य भारतात खम्मम येथे सुरू झाले. बिनव्याजी कर्ज, घर घेणाऱ्या कुटुंबाचे स्वतःचे श्रम, आणि फेडीच्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचे घर, अशी फुलर यांची योजना होती.

बंधुभगिनींनो, यशया ६५:२१–२२ मधील नव्या सृष्टीच्या दर्शनात बांधणाराच आपल्या घरात वसतो. आपण उपासनामंदिराच्या जीर्णोद्धारासाठी आनंदाने वर्गणी देतो. पण त्याचे गवंडी व झाडलोट करणारा सेवक रात्री कोणत्या छपराखाली निजतात, हे आपल्याला ठाऊक असते काय? अनेक मंडळ्यांपाशी मिशनकाळापासूनच्या जागा आहेत. त्या विकण्यापूर्वी कार्यकारी समितीने नहेम्याचा पाचवा अध्याय एकत्र वाचावा.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. नहेम्याने कोटाचे काम चालू असतानाच घरांचा प्रश्न का हाती घेतला?

२. आपल्या मंडळीतील कोणते कुटुंब भाड्यापायी अथवा व्याजापायी मुलांचे शिक्षण वा औषधोपचार टाळत आहे?

३. त्या कुटुंबासाठी बिनव्याजी साहाय्याचा निधी आपण या वर्षी उभारू शकतो काय?