दुकान कोणाचं, गाडी कोणाची?

जुनी स्प्लेंडर घेताना इंजिनपासून चेसिसपर्यंत सगळं उघड्यावर दिसतं. स्पोर्ट बाइकची अर्धी गाडी फेअरिंगच्या प्लास्टिकखाली झाकलेली असते आणि ते प्लास्टिक बदलायला एक दुपार पुरते. भाच्याने संभाजीनगरात एका डीलरकडून यामाहा आर15 घेतली, तेव्हा मी सोबत होतो. "काका, डॉक्टरची गाडी आहे, सिंगल हँड," डीलर म्हणाला. (या बाजारातल्या सगळ्या गाड्या डॉक्टरच्या नाहीतर मास्तरच्याच कशा असतात, कोण जाणे.)

आपटलेली गाडी ओळखायची तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते जिथे अडतं तो स्टॉपर बघा. जोरात पडलेल्या गाडीचा स्टॉपर दबलेला, तुटलेला किंवा वेल्डिंग केलेला सापडतो. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का, तेही पाहा. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मीटर आठ हजार दाखवतंय आणि टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील, तर मीटरवर विसंबू नका. आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आत ते तापलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जा.

आमच्या गाडीत यातलं काही निघालं नाही. त्रास झाला तो कागदांचा. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता. "लोन फिटलंय, एनओसी आठवड्यात देतो," म्हणत डीलरने पूर्ण पैसे घेतले आणि सह्या केलेले फॉर्म 29 व 30 हातात ठेवले. पुढे कधी साहेब रजेवर, कधी सर्व्हर डाउन. बोजा उतरवायला फॉर्म 35 आणि एनओसी लागते. तोवर गाडी नावावर होत नाही. शेवटी आम्हीच मूळ मालकाला जालन्यात गाठलं, तर तोच आमच्यावर चिडलेला! आमच्या सिग्नलचे ई-चलान त्याच्या मोबाइलवर जात होते. त्याची चिंता रास्त होती. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. त्यामुळे त्यानेच धावपळ करून एनओसी आणली आणि काम मार्गी लागलं. डीलरचं नाव यातल्या एकाही कागदावर नव्हतं.

खरं तर 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये दिली, की गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून दुकानाच्या पाटीकडे न बघता अधिकारपत्र मागा. ते नसेल तर समोरचा माणूस नुसता दलाल आहे. व्यवहार मूळ मालकाला समोर बसवूनच करा. नंबर वाहन पोर्टलवर टाकून बोजा, विमा आणि थकीत चलान तिथल्या तिथे तपासा. काही रक्कम गाडी नावावर होईपर्यंत हातात ठेवा. डीलर कुरकुर करतो, करू द्या. अजिबात तयार नसेल तर उठा. या शहरात जुन्या गाड्यांना तोटा नाही.

विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि साध्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, रक्कम आणि दुकानाचा शिक्का असलेली पक्की पावतीच घ्या. तीच घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मात्र तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते.