भारवाहू पिकअपची निवड

दिल्लीहून जयपूरच्या दिशेने निघालेला प्रवासी गुरुग्राम ओलांडून पुढे आला, की अरवलीच्या डोंगररांगांलगत मानेसर लागते. एकेकाळचे हे खेडे आज हरियाणातील एक प्रमुख औद्योगिक क्षेत्र झाले आहे. येथे मोटारी आणि दुचाक्या तयार होतात, आणि त्यांना लागणारे सुटे भाग पुरविणारे कितीतरी लहानमोठे कारखाने आजूबाजूस उभे आहेत. या कारखान्यांमधला माल इकडून तिकडे नेण्याचे काम प्रामुख्याने करतात त्या पिकअप गाड्या. पुढे चालकाची खोली, मागे उघडा हौदा आणि खाली पोलादी शिडीसारखी चासी, असे या वाहनाचे साधे रूप असते.

याच मानेसरमध्ये वाहनांची परीक्षा घेणारी एक संस्था आहे. तिचे नाव इंटरनॅशनल सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी, संक्षेपाने ‘आयकॅट’. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२६ व्या नियमानुसार कोणत्याही नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ‘एआरएआय’ ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था जशी हे काम करते, तसेच मानेसरचे हे केंद्रही करते. येथे ब्रेक, धूर, आवाज आणि अपघातप्रसंगीची सुरक्षितता अशा अनेक बाबी तपासल्या जातात. मात्र एक गोष्ट वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावी. ही सारी परीक्षा निर्मात्याने जाहीर केलेल्या कमाल वजनाच्या मर्यादेत होते. त्या मर्यादेपलीकडे भरलेल्या गाडीची परीक्षा कोणीही घेतलेली नसते. ती परीक्षा चालक स्वतः घेतो, आणि तीही रस्त्यावर.

मानेसरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हा पुढे जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा थेट चेन्नईपर्यंत जातो. म्हणजे हरियाणाच्या सपाटीवर निर्धोक वाटलेली गाडी त्याच रस्त्याने खंबाटकीच्या घाटातही येऊ शकते. म्हणून जड कामासाठी पिकअप निवडताना ‘ही किती ओढील?’ या प्रश्नाच्या आधी ‘ही किती पेलील आणि किती थांबवील?’ हे दोन प्रश्न विचारावयास हवेत. या लेखात आपण त्यांचीच उत्तरे शोधणार आहोत.

नाव नव्हे, वजन

आपल्याकडे भारवाहू गाड्यांची नावे मोठी फसवी आहेत. ‘टेम्पो’ हे मुळात एका निर्मितीचे नाव. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीच्या तीनचाकी गाडीमुळे ते मराठीत असे रुळले, की पुढे कोणत्याही लहान मालमोटारीस आपण टेम्पोच म्हणू लागलो. १९८८ साली टाटांची ‘टाटामोबाइल’ आली. २००५ साली ‘एस’ आली आणि लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. बोलण्यात ही नावे सोयीची असली तरी खरेदीत त्यांचा उपयोग नाही. कायदा नावाकडे पाहत नाही, तो वजनाकडे पाहतो. ज्या मालवाहू वाहनाचे एकूण वजन ३.५ टनांपर्यंत आहे ते ‘एन-१’ या वर्गात मोडते आणि त्याहून जड, पण १२ टनांपर्यंतचे ‘एन-२’ या वर्गात. बहुतेक पिकअप पहिल्या वर्गातील असतात.

येथे दोन संज्ञा नीट समजून घेतल्या पाहिजेत. ‘एकूण भारित वजन’ म्हणजे गाडी आणि तिच्यावरील सर्व भार मिळून नोंदणी अधिकाऱ्याने मान्य केलेले कमाल वजन. ‘रिकामे वजन’ म्हणजे नेहमीच्या साहित्यासह, परंतु चालक आणि मदतनीस यांना वगळून गाडीचे वजन. हे दोन्ही आकडे नोंदणीपत्रात असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला, की आपण ज्यास बोलीभाषेत ‘पासिंग’ म्हणतो ती भारवाहन क्षमता मिळते.

शक्ती आणि क्षमता

इंजिन जितके शक्तिमान तितकी गाडी भक्कम, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये सुमारे ७५ अश्वशक्तीचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन दिले जात असे, आणि तिचे प्रकार १.३ टन व १.७ टन भार वाहणारे होते. २०२२ साली भारतात आलेल्या टोयोटा हायलक्सचे इंजिन २०४ अश्वशक्तीचे आहे. भार पेलण्याची क्षमता मात्र त्या साध्या गाडीहून कमीच. यात नवल नाही. हायलक्समध्ये पाच माणसांची खोली आहे, चारही चाकांना गती देणारी यंत्रणा आहे. तिच्या अनुमत वजनाचा बराच भाग तिच्या स्वतःच्या देहातच खर्ची पडतो. चिखलातून किंवा डोंगरवाटेने माणसे व अवजारे न्यावयाची असतील तर तिचा उपयोग होईल. रोज टनभर ओतीव लोखंड वाहावयाचे असेल तर पहिली गाडी अधिक योग्य ठरेल.

इंजिनाबाबत पाहावयाचे ते असे, की फिरविण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, किती कमी फेऱ्यांवर मिळतो. चढावर भरलेली गाडी जागेवरून हलविताना हाच जोर उपयोगी पडतो. तो उशिरा मिळत असेल तर चालकास क्लच घासत गाडी काढावी लागते, आणि क्लच अकाली झिजतो.

परंतु भार पेलतात ते मागचे पाटे, आस आणि टायर. टायरच्या बाजूवर भाराचा सांकेतिक अंक छापलेला असतो. तेथे १०० हा अंक असेल, तर तो टायर ८०० किलोग्रॅम पेलण्यासाठी आहे. मागे असे दोनच टायर असतील तर मागच्या आसावर १,६०० किलोंपेक्षा अधिक वजन येता कामा नये. जादा पाटे बसवून गाडी ‘मजबूत’ करून घेण्याची पद्धत सर्वत्र आढळते. त्यामुळे गाडी खाली बसलेली दिसत नाही एवढेच. टायर, आस, बेअरिंग आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. धोक्याची खूण तेवढी नाहीशी होते, धोका जसाच्या तसा असतो.

एक हिशेब

समजा, मानेसरमधील एका लघुउद्योजकास रोज ओतीव भाग पोहोचवावयाचे आहेत आणि अधूनमधून दोन चाकांच्या ट्रेलरवर ठेवलेले जनित्रही ओढावयाचे आहे. गाडीचे एकूण भारित वजन ३,००० किलो आणि रिकामे वजन १,७०० किलो आहे. बाकी उरते १,३०० किलो. यातून चालक आणि मदतनीस यांचे १४० किलो वजा करावेत. मागाहून बसविलेला लोखंडी सांगाडा, ताडपत्री, दोर आणि हत्यारे यांचे १२० किलो धरावेत. उरले १,०४० किलो. जनित्रासह ट्रेलरचे वजन ९०० किलो असेल, तर त्याच्या दांडीचा भार, साधारण दहावा हिस्सा म्हणजे ९० किलो, गाडीच्या मागील आकड्यावर येतो. तोही गाडीनेच पेलावयाचा असतो. अखेर हौद्यासाठी राहिले ९५० किलो. जाहिरातीतील १,३०० किलोंवर विसंबून माल भरणारा मालक आपल्या नकळत साडेतीनशे किलो जादा भरीत असतो.

या ९० किलोंची आणखी एक गंमत आहे. आकडा मागील आसाच्या सव्वा मीटर मागे आणि दोन आसांमधील अंतर तीन मीटर असेल, तर तरफेच्या नियमानुसार मागच्या आसावर ९० नव्हे तर सुमारे १२७ किलो येतात आणि पुढच्या आसावरून सुमारे ३७ किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल लागते. म्हणून भरलेली गाडी वजनकाट्यावर एकदा संपूर्ण आणि एकदा केवळ मागची चाके ठेवून तोलावी. काट्याची पावती विक्रेत्याच्या शब्दापेक्षा अधिक विश्वसनीय असते.

ओढणे

ओढण्याच्या कामाची आपली परंपरा ट्रॅक्टरची आहे. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लागलेल्या आपण पाहतो. ट्रॅक्टरचा वेग कमी असतो. पिकअपचा तसा नसतो. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर गेला, तर थांबविताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते.

बंद पडलेल्या गाडीस टोचन लावून गॅरेजपर्यंत नेणे ही अडचणीच्या वेळची सोय आहे. तिच्यावरून गाडीची ओढण्याची क्षमता ठरवू नये. निर्मात्याच्या पुस्तिकेत ओढावयाच्या वजनाची मर्यादा दिलेली असेल तर ती प्रमाण मानावी. दिलेली नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी बनविलेली नाही असेच समजावे. आकडा नुसत्या मागच्या पत्र्यास डाक लावून जोडलेला नसावा. तो चासीच्या दोन्ही उभ्या तुळयांना बोल्टने जखडलेला असावा. ट्रेलरवरील जड वस्तू मागच्या टोकास ठेवली, तर दांडी हलकी होते आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतो. हे हेलकावे वाढत जाऊन पुढची गाडीही उलटू शकते. युरोपात ७५० किलोंहून अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. आपणही हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

उतार

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत याच महामार्गाचा लांबलचक उतार आहे. तेथे ताबा सुटलेल्या अवजड वाहनांनी वारंवार प्राणघातक अपघात घडविले आहेत. उताराचे शास्त्र साधे आहे. ३,००० किलोंची गाडी आणि ९०० किलोंचा ट्रेलर उंचीने १०० मीटर खाली येतात, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती वीस अंशांवरचे सुमारे ११ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. ही सारी उष्णता ब्रेकच्या काही किलो लोखंडात गेली, तर ब्रेक तापून त्यांची पकड मंदावते. प्रमाणन चाचण्यांत भारित गाडीचे ब्रेक पुनःपुन्हा दाबून तापविले जातात आणि मग पकड तपासली जाते, ती याचसाठी.

यावर उपाय जुनाच आहे. ज्या खालच्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, म्हणजे ऊर्जेचा मोठा भाग इंजिन स्वतःकडे घेते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक हा मदतनीस स्वतःच्या हाताने दूर करतो. आणि गाडी प्रमाणाबाहेर भरलेली असेल, तर कुशल चालकाचेही कौशल्य अपुरे पडते.

टिकाऊपणाचा विचार

विश्वसनीय गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी गाडी नव्हे. जिचे रोजचे काम तिच्या मर्यादेच्या आत बसते, आणि बिघडल्यास जिचा सुटा भाग व तो बसविणारा कारागीर आपल्या मार्गावर मिळतो, ती गाडी विश्वसनीय. नित्याचा भार मर्यादेच्या चारपंचमांशाइतका ठेवला, तर अडीअडचणीस वाव राहतो.

इंधनाची निवडही कामावरून ठरते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतर बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, तापून धावावी लागते. केवळ औद्योगिक वसाहतीतच दोनदोन किलोमीटरच्या खेपा असतील, तर ही गाळणी तुंबते. सीएनजीच्या गाडीस ही अडचण नाही. मात्र तिच्या टाक्यांचे वजन भारवाहन क्षमतेतून जाते. शिवाय मानेसर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आहे. तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि २०२५ साली तिच्या अंमलबजावणीस अंशतः आवर घातला. खरेदीच्या वेळी त्या दिवशीचा नियम पाहूनच गाडीच्या आयुष्याचा हिशेब मांडावा.

जुनी गाडी घ्यावयाची असल्यास हौदा रिकामा करवून चासी खालून पाहावी. पाट्यांच्या कड्यांजवळ डाक दिलेला असेल किंवा मूळच्यापेक्षा अधिक पाटे असतील, तर तिने कोणते दिवस काढले हे वेगळे सांगावयास नको.

जादा भाराचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे, शिवाय माल उतरवावा लागतो तो वेगळाच. परंतु खरा दंड याहून मोठा असतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचण्यांवरून असे दिसून आले, की आसावरील भार वाढला म्हणजे रस्त्याची हानी साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते; दीडपट भारास सुमारे पाचपट हानी. तो खर्च सर्वांच्या खिशातून जातो. आणि उतारावर ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही, तेव्हा त्याची किंमत आधी देतो तो चालक, जो बहुधा गाडीचा मालक नसतो आणि ज्याला ‘किती भरावे’ हे कोणी विचारलेलेही नसते.

म्हणून खरेदीपूर्वी मालकाने चालकास बरोबर घ्यावे आणि दोघांनी मिळून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत :

१. रोजचा खरा भार किती, आणि वर्षातील सर्वांत जड खेप किती?
२. माणसे, सांगाडा आणि दांडीचा भार वजा जाता हौद्यासाठी किती उरते?
३. मागच्या आसाची आणि टायरची मर्यादा किती?
४. ओढावयाच्या वजनाची मर्यादा पुस्तिकेत आहे काय? ट्रेलरला ब्रेक आहेत काय?
५. मार्गावरील सर्वांत लांब उतार कोणता, आणि तो भरलेल्या गाडीने कोणत्या गिअरमध्ये उतरावयाचा?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर चालकानेच लिहावे.